नागपूरची ओळ आणि तिची समाईक भिंत

बाहेरगावचा मनुष्य नागपुरास येतो, तेव्हा तो जे शहर पाहतो ते बहुधा सीताबर्डीच्या टेकडीच्या पश्चिमेचे असते. रुंद रस्ते, कडुनिंबाची झाडे, आवाराच्या मध्यभागी अलिप्तपणे उभे असलेले बंगले, विधानभवन आणि उच्च न्यायालय पाहून तो संत्र्यांची करंडी घेऊन परत जातो व आपण नागपूर पाहिले असे घरी सांगतो. परंतु जुने नागपूर टेकडीच्या व आगगाडीच्या रुळांच्या पूर्वेस आहे. तेथील घरे एकमेकांपासून अंतर राखून राहत नाहीत. खांद्याला खांदा लावून उभी असतात. रस्त्यांची नावेच पाहा: चितार ओळ, सराफा ओळ, लोहा ओळ, किराणा ओळ, भांडे ओळ. पुण्यास जशी आळी, तशी नागपुरास ओळ. घरांची ओळ हाच तेथे रस्त्याचा अर्थ होय.

या ओळींकडे मी लहानपणापासून पाहत आलो. परंतु ओळ म्हणजे काय, हे मला गेल्या उन्हाळ्यात खरोखर कळले. मृग लागावयास पंधरवडा उरला असता गांधीबागेजवळ राहणाऱ्या माझ्या आतेभावाचा निरोप आला की, शेजारचे घर पाडले असून आमच्या घराच्या भिंतीस तडा गेला आहे. तू येऊन पाहून जा. माझे सारे आयुष्य सरकारी बांधकाम खात्यात गेले. त्यामुळे भिंतीस तडा गेला की मला बोलवावयाचे, असा आमच्या आप्तांचा प्रघातच पडला आहे.

सीताबर्डीहून पूर्वेकडे जाणारी मेट्रो ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाली. तिच्यातून अग्रसेन चौकापर्यंत जाताना जुन्या शहराचे एक अपरिचित रूप दिसते. एरव्ही आपण ही वस्ती बोळातून, मान वर करून पाहतो. येथे ती वरून दिसते. सिमेंटच्या सपाट गच्च्या, त्यांवरील पाण्याच्या काळ्या टाक्या, आणि मध्येच कोठे कवेलूंचे उतरते छप्पर. दोन उंच इमारतींच्या बेचक्यात असे छप्पर दिसले की समजावे, तेथे अजून एक वाडा जीव धरून आहे. चौकात उतरल्यावर कापडाच्या गाठींनी भरलेले हातठेले, हिशेबाच्या वह्या काखेत मारून धावणारे मुनीम आणि दुपारचे ऊन, यांतून वाट काढीत मी आत्याच्या बोळात शिरलो.

येथे थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. कारण घरे अशी दाटीने का बांधली, याचे उत्तर त्यात आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी, १७०२ च्या सुमारास, देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने बारा लहान वस्त्यांची मोट बांधून नागपूर वसविले. त्याच्यामागून चांद सुलतान याने येथे राजधानी आणली, गावास तट घातला आणि जुम्मा तलाव बांधविला. तोच पुढे शुक्रवारी तलाव व आता गांधीसागर झाला. तटाचा जुम्मा दरवाजा आज गांधी गेट म्हणून ओळखला जातो. पुढे पहिल्या रघूजी भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास हे राज्य आपल्या हाती घेतले. राजाचा वाडा जेथे झाला तो महाल. त्याच्याभोवती मानकरी, कारकून, शास्त्री, सराफ आणि कारागीर यांची वस्ती वाढली. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी हे बाजार-वारांचे भाग तसेच नांदते झाले. तटाच्या आत जागा थोडी, राजवाड्याजवळ राहण्याची इच्छा सर्वांची. अशा ठिकाणी घराचे तोंड अरुंद व पोट खोल होते आणि दोन घरांमध्ये भिंत एकच राहते.

भोसल्यांचा राजवाडा काळ्या पाषाणाचा व लाकडी नक्षीकामाने नटलेला होता. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात वारले, पुढील वर्षी कंपनी सरकारने राज्य खालसा केले, आणि १८६४ साली राजवाडा आगीत भस्मसात झाला. नगारखान्याचा दरवाजा तेवढा उरला. धनी गेल्यावर चाकरांच्या वाड्यांना उतरती कळा लागावी, हे ओघानेच आले. काही वाड्यांच्या वाटण्या झाल्या, काही सावकारांकडे गेले. परंतु १८६७ साली आगगाडी आली, १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि या भागात कापडाचा नवा पैसा खेळू लागला. ती गिरणीही २००२ साली कायमची बंद झाली. गांधीबागेतील कापडबाजार मात्र आजही गजबजलेला आहे, आणि जुन्या घरांच्या जागेवर डोळा आहे तो याच भरभराटीचा. ओसरीच्या जागी दुकान आणि माजघराच्या जागी गोदाम काढले, तर भाडे किती येईल, हा हिशेब येथे लहान मुलालाही तोंडपाठ असतो.

आता घराकडे वळू. आत्याचे घर काही सरदाराचा वाडा नव्हे. मध्यम प्रतीचे, दुमजली, एका चौकाचे घर आहे. रस्त्याच्या बाजूस पुरुषभर उंचीचे काळ्या घडीव दगडाचे जोते. आम्ही अशा घरांना दगडी म्हणतो खरे, परंतु दगड बहुधा जोत्याशीच थांबतो. त्यावर विटा, माती, चुना आणि सागवान. याचे कारण भूमीतच आहे. दख्खनचा काळा पाषाण जेथे संपतो ती सीमारेषा नागपूर शहरातूनच जाते. सीताबर्डीची टेकडी या पाषाणाची; तिच्या पूर्वेस अधिक जुना खडक आणि त्यावर काळी माती. ही माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घर उभे करावयाचे तर पायाशी जड दगड आणि वर थोडे लवणारे, हलके काम, ही जुन्या गवंड्यांची रीत पुस्तकी विद्येवाचून सिद्ध झालेली होती. सागवानाची तर उणीव नव्हती. सातपुड्याची व चांद्याची जंगले काही फार दूर नाहीत.

मोठ्या दरवाजातील दिंडीतून वाकून आत गेले की देवडी, देवडीतून चौक, चौकाच्या चारी अंगांस ओसरी. ओसरीचे खांब सुरूच्या आकाराचे. प्रत्येकाखाली दगडी तळखडा, म्हणजे जमिनीची ओल व उदई लाकडास शिवू नये. खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट. या कडीपाटावर मातीचा थर घालून माडीची जमीन केलेली. दोन खांबांमधील अंतर तो एक खण. पूर्वी घराचे माप हातांत किंवा फुटांत सांगत नसत. ‘आठ खणांचे घर’ म्हटले की ऐकणारास घर आणि घरधन्याची ऐपत दोन्ही कळत. ओसरीमागे माजघर, त्याच्या एका अंगास देवघर, दुसऱ्या अंगास कोठीची खोली, मागे स्वयंपाकघर, न्हाणी, परसू आणि विहीर. चौकात तुळस आहेच.

या रचनेत एक मर्म आहे, आणि ते जाणण्यासाठी वैशाखात नागपुरास यावे लागते. बाहेर पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात गेला असता मी ओसरीवर बसलो होतो, आणि अंगावर पंचा घेण्याची गरज नसली तरी पंख्याची आठवण होत नव्हती. दोन हात जाडीची भिंत दिवसभराचे ऊन पिऊन घेते व ते आत पोहोचेपर्यंत रात्र होते. रात्री चौकातून गरम हवा वर निघून जाते व गार हवा खाली बसते. त्यातून दोन्ही बाजूंस शेजाऱ्यांची घरे. म्हणजे उन्हात तापावयास पुढचे व मागचे तोंड तेवढे उरते. बंगला चारी बाजूंनी तापतो. ओळीतील घर एकमेकांच्या सावलीत राहते.

मी हे कौतुक मोठ्याने केले, तेव्हा देवघराच्या उंबऱ्याशी वाती वळीत बसलेल्या आत्याने मान वर केली. तिचे वय आता ब्याऐंशी आहे. ती म्हणाली, “अरे, तुम्हा पुरुषांना हे घर थंडच वाटणार. तुम्ही ओसरीवर बसता. मी या घरात आले तेव्हा चाळीस वर्षे मागच्या चुलीपाशी होते. धूर जायला एक हातभर झरोका. आणि त्या आतल्या खोलीत माझी तिन्ही बाळंतपणं झाली. दिवसा कंदील लावावा लागे.”

यावर मला उत्तर सुचले नाही. आपल्या जुन्या घरांची स्तुती करणारे आम्ही बहुतेक ओसरीवर बसून लिहितो, हे खरे आहे. मागच्या बोळातून कोण येत असे, कोणास विहिरीजवळ येऊ देत नसत, आणि ज्या वडारांनी हे दगड फोडले व ज्या पाथरवटांनी घडविले त्यांस वास्तुशांतीनंतर देवडीच्या आत प्रवेश होता की नाही, हेही विचारले पाहिजे. दगड सर्वांचा भार सारखाच घेतो; माणसांनी त्यावर पायऱ्या कोरल्या.

परंतु मी आलो होतो भिंत पाहण्यास. पूर्वेकडील शेजाऱ्याचे घर जमीनदोस्त झाले होते. तेथे कापडाचे तीन मजली दुकान व्हावयाचे होते. त्या रिकाम्या जागेत उभे राहून आत्याच्या घराकडे पाहिले, तेव्हा मन क्षणभर चरकले. दोन्ही घरांच्या मधील जी समाईक भिंत, तिचे उघडे अंग प्रथमच जगास दिसत होते. शेजाऱ्याच्या माडीच्या कड्या ज्या भोकांत बसल्या होत्या ती भोके ओळीने रिकामी पडली होती. एका ठिकाणी देवळीचा निम्मा कोनाडा, त्यात दिव्याच्या काजळीचा डाग. एका ठिकाणी माडीकडे गेलेल्या जिन्याची तिरपी खूण. आणि खाली, बहुधा स्वयंपाकघराच्या जागी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुराने काळी झालेली भिंत. एखाद्याचे खाजगी पत्र रस्त्यावर उघडे पडावे तसे ते वाटले.

अशा भिंतींची दोन्ही तोंडे विटांची असतात व पोटात माती आणि खापऱ्या भरलेल्या असतात. जोवर दोन्ही बाजूंनी कड्या तिला धरून असतात तोवर ती दीडशे वर्षे ताठ राहते. एका बाजूच्या कड्या काढल्या की ती त्या बाजूस फुगू लागते. उघड्या भोकांतून पावसाचे पाणी पोटातील मातीत उतरले, तर एका रात्रीत कोसळते. आत्याच्या माडीवरील तडा वर रुंद व खाली निमुळता होता. म्हणजे भिंतीचे डोके बाहेर झुकत होते. मी जुन्या पद्धतीप्रमाणे तड्यावर आडव्या काचेच्या तीन पट्ट्या चुन्याने चिकटविल्या व प्रत्येकीवर तारीख लिहिली. भिंत हलली तर काच तडकते. काचेस खोटे बोलता येत नाही. चवथ्या दिवशी सर्वांत वरची काच तडकली.

त्या रात्री घरात सर्वजण जमले. घराचे वारस पाच. दोघे नागपुरात, एक पुण्यास, एक बंगलोरास, एक परदेशी. दोघांचे म्हणणे असे की, शेजाऱ्याने आपले काम सोपे केले. आता आपणही घर देऊन टाकावे, प्रत्येकाच्या वाट्यास चांगली रक्कम येईल. आतेभावाचे म्हणणे, आई आहे तोवर हे घर हलणार नाही. पुतण्या म्हणाला, फिर्याद करू. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य होते, आणि म्हणूनच ते प्रकरण कठीण होते.

मला तेव्हा एक दूरची गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो असता वेल्समधील ब्लेनावॉन हे गाव पाहिले होते. तेथे १७८९ च्या सुमारास लोखंडाचा कारखाना निघाला व त्यातील कुशल कामगारांसाठी दगडी घरांच्या ओळी बांधल्या गेल्या. त्यांस स्टॅक स्क्वेअर म्हणतात. आपल्याकडे त्याच सुमारास दुसऱ्या रघूजींची कारकीर्द सुरू होत होती. ओबडधोबड दगडाच्या भिंती, वर स्लेटचे छप्पर. ज्या दगडाच्या पाटीवर आपण मुळाक्षरे गिरविली त्याच जातीचा हा दगड. दोन ओळींची तुलना मला मोठी मनोरंजक वाटली. तेथील ओळ एका मालकाने, एका नकाशावर, भाड्याने राहणाऱ्यांसाठी बांधली. म्हणून सर्व घरे सारखी. आपली ओळ ज्याने त्याने आपल्या कुवतीप्रमाणे बांधली. म्हणून एकाची माडी उंच, दुसऱ्याची ठेंगणी. तेथे ऊन दुर्मिळ, म्हणून घरे बाहेर तोंड करून बसतात. येथे उन्हाचा जाच, म्हणून ती चौकाकडे वळतात. परंतु भिंत दोन्हीकडे समाईकच. ब्लेनावॉनचा तो परिसर २००० साली जागतिक वारसा म्हणून मान्य झाला. कामगारांची अंधारी, चिंचोळी घरे आज लोक आदराने पाहतात, कारण ती कोणी राजवाडे म्हणून मिरविली नाहीत. माणसे येथे अशी राहिली, एवढेच ती सांगतात.

त्या देशात समाईक भिंतीसंबंधी १९९६ चा एक स्वतंत्र कायदा आहे. समाईक भिंतीस हात लावण्यापूर्वी शेजाऱ्यास दोन महिने आधी लेखी सूचना द्यावी लागते. आमच्या मंडळींस वाटले, आपल्याकडे असे काहीच नाही. परंतु तसे नाही. आपल्याकडील १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा प्रथम ज्या थोड्या प्रांतांस लागू झाला त्यांत मध्यप्रांत होता. मुंबई इलाख्यास तो पुढे १८९१ साली मिळाला. म्हणजे हा कायदा नागपुरास पुण्यामुंबईच्याही आधीचा! एका घरास शेजारच्या जागेचा अथवा इमारतीचा आधार वीस वर्षे हक्काने, निर्वेधपणे व अखंड मिळाला असेल, तर तो आधार हा त्या घराचा अधिकार होतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. येथे तर आधार शतकाहून अधिक काळचा होता.

मी सुचविले की, फिर्याद मागाहून करता येईल. प्रथम शेजाऱ्याकडे जाऊ. मृग थांबणार नाही व न्यायालयास घाई नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे त्यांच्या पेढीवर गेलो, आणि आत्याही आली. व्यापारी सज्जन निघाले. त्यांस भिंतीच्या पोटातील मातीची कल्पनाच नव्हती. पाडणाऱ्या मक्तेदाराने जे केले ते केले. आत्या त्यांस म्हणाली, “तुमच्या आजीनं माझ्या पहिल्या बाळंतपणात याच भिंतीच्या देवळीतून डिंकाचे लाडू दिले होते. तुमची देवळी काल मी बाहेरून पाहिली.” मग कायद्याची गोष्ट काढण्याची वेळच आली नाही.

ठरले ते असे. भिंतीस बाहेरून लाकडी धिरे द्यावयाचे. कड्यांची भोके विटांनी, चुन्यातच, बुजवावयाची, सिमेंटने नव्हे. येथे वाचकांपैकी ज्यांची जुनी घरे आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. माती-चुन्याची भिंत ओल घेते आणि ओल सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, व दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्यासह विटांचा पापुद्रा सुटतो. कवेलू दर वर्षी मृगाआधी फेरून घ्यावेत, पन्हळी साफ ठेवाव्यात. वाडे बहुधा म्हातारपणाने पडत नाहीत. तुंबलेल्या पन्हळीने पडतात. असो. शेजाऱ्यांनी आपली नवी इमारत समाईक भिंतीपासून हातभर अंतर सोडून, स्वतःच्या खांबांवर उभारण्याचे कबूल केले. चुना मळणारा गवंडी मिळविण्यास मात्र सहा दिवस लागले. त्याचा बाप बेलदारी करीत असे, मुलगा बी. कॉम. होऊन मोबाइलच्या दुकानात आहे, असे त्याने अभिमानाने सांगितले. तो अभिमान योग्यच होता, परंतु पुढल्या भिंतीस चुना कोण लावील हा प्रश्न राहिलाच.

घराचे पुढे काय होईल, हे मला सांगता येत नाही. पाच सह्यांचा कागद अजून कोरा आहे. ज्यांस विकावयाचे आहे ते लोभी नाहीत. त्यांची मुले त्या घरात कधी राहिली नाहीत व राहणारही नाहीत. ज्यांस ठेवावयाचे आहे त्यांजजवळ कवेलूंपुरताही पैसा नाही. निघताना आत्याने मला देवडीपर्यंत पोहोचविले व हळू आवाजात म्हणाली, “मी असेपर्यंत राहील, मग त्यांनी विकावं. मला त्याचं दुःख नाही. पण तुला एक सांगते, पश्चिमेकडच्या त्यांच्या घरात दोन म्हाताऱ्या बायकाच आहेत. आमचं घर पाडतील तेव्हा त्यांच्या भिंतीला आधी धिरे द्यायला सांग. ते तू लिहून ठेव.”

मी ते त्याच दिवशी लिहून आतेभावाजवळ दिले; त्याने तो कागद घराच्या जुन्या कबाल्यासोबत ठेवला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा नागपुरास जाण्याचा योग आला. मारबतीची मिरवणूक पाहण्यास माडीच्या सज्ज्यात घरची व शेजारची मुले दाटीने उभी होती. मी मागे माडीवर जाऊन तड्यापाशी गेलो. धिऱ्यांनंतर लावलेल्या तिन्ही काचा, साऱ्या पावसाळ्यातून, साबूत होत्या.